तिसरी हाक

ईमेलच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती टाकली आणि आमच्या कळंबच्या घरातल्या संगणकावरून पत्रं जाणं-येणं बंद पडलं. महिन्याभरानं बारामतीहून दुरुस्तीला एक माणूस आला. नाव विचारायचं राहूनच गेलं. मोडेम किंचाळू लागला की तो डोळे मिटून कान द्यायचा. चहाला मी दोनदा हाक मारली, तरी हूं की चूं नाही. तिसऱ्या हाकेला म्हणाला, "व्हय तात्या! आमच्यात तीनदा बोलावल्याबिगर ओ देत न्हाईत. मेलेलं माणूस दोनदाच हाक मारतं."

त्यानं काहीतरी बदललं आणि जुनी सगळी पत्रं नव्यानं उतरू लागली. पहिलंच अमेरिकेतल्या धाकट्या भावाचं होतं : 'दादा, घरी येऊ का?' मधल्या त्या महिन्यात तो अपघातात गेला होता.

मी ते सांगितल्यावर दुरुस्तीवाला म्हणाला, "जुनंच हाय, परत उतरलंय." तेवढ्यात, इतके दिवस आत अडकलेलं माझं उत्तर आपोआप सुटलं : 'ये, वाट बघतोय.'

कप तसाच ठेवून त्यानं चपला चढवल्या. मागं न बघता म्हणाला, "एकाच हाकेला ओ दिली तुमी."

तेव्हापासून अंगणातून कुणी 'दादा' म्हटलं, की मी तिसऱ्या हाकेसाठी थांबतो. कधीकधी ती येतच नाही.