चारच्या भोंग्यापर्यंतचं मौन

मी मुळातच भित्री. लग्न होऊन देवासला आले तेव्हा मला कारखान्याच्या चिमणीचीही भीती वाटायची; ही पडली तर नेमकी आमच्याच क्वार्टरवर पडणार, असा माझा ठाम समज होता. दोन हजार सालानंतर कधीतरी घरात चोवीस तास बातम्यांचं चॅनल आलं, आणि एके दिवशी त्यावर परदेशातल्या कुठल्याशा शाळेत एकजण बंदूक घेऊन शिरल्याचं दाखवू लागले. मग काय विचारता! तीन दिवस मी टीव्हीसमोरून हलले नाही. मेलेल्या मुलांचे हसरे फोटो एकामागून एक दाखवत होते. मी पोळ्या लाटता लाटता रडत होते, आणि नवरा करपलेल्या पोळ्या मुकाट्याने खात होता.

आमची मुलगी तेव्हा सातवीत होती. पुढच्याच आठवड्यात शाळेच्या खो-खोच्या संघाबरोबर ती दोन दिवस धारला जाणार होती. मी जाहीर केलं, "धारबिर काही नाही. आणि शाळेतसुद्धा आठवडाभर जायचं नाही."

"आई, सर बोले हैं, जो नहीं आएगा उसका नाम कट जाएगा!" पोरगी हिंदी शाळेतली; रागावली की मराठी विसरायची. थोडी शांत झाल्यावर म्हणाली, "माझं नाव कटलं ना, तर मी जेवणारच नाही."

नवऱ्याने मध्यस्थी केली. "अगं, इथे कोण बंदूक आणतंय? आपल्या कॉलनीच्या चौकीदाराकडे धड शिट्टीसुद्धा नाही."

"म्हणूनच तर!" मी म्हणाले.

कॉलनीत माझ्यासारख्या आणखी बऱ्याच होत्या. कोणी साताऱ्याची, कोणी जळगावची. नवऱ्यांच्या नोकरीपायी इथे आलेल्या, आणि आता सगळ्यांचेच डोळे सुजलेले. शेवटी आमच्या मराठी मंडळाने शोकसभा ठरवली. मंडळ गणपती, हळदीकुंकू आणि शोकसभा सारख्याच उत्साहाने करायचं. सुट्टीच्या दिवशी दुपारी गणपतीच्या ओट्यासमोर सगळे जमलो. मुलांना पुढे उभं केलं होतं.

अध्यक्ष कारखान्यातून निवृत्त झालेले फोरमन होते. मनगटावर घड्याळ असे, पण त्यांचा विश्वास फक्त भोंग्यावर. ते म्हणाले, "चार वाजतच आलेत. आता मौन पाळायचं, भोंगा झाला की सोडायचं."

आम्ही माना खाली घातल्या. दोन मिनिटं गेली, चार गेली. भोंगा होईना. कोणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली, तेव्हा भोंगाच झाला असं समजून मागचे दोघे जण पटकन खाली बसले आणि ओशाळून पुन्हा उभे राहिले. अध्यक्षांनी डोळे गच्च मिटलेले. शोकाचं मौन आपण कसं मोडायचं, म्हणून कोणीही तोंड उघडेना.

पहिली काही मिनिटं मी भाजीचा विचार केला, हे कबूल करते. मग माझी नजर पुढे उभ्या असलेल्या आमच्या पोरीवर गेली. तिची एक रिबन सुटली होती. तिने आधी एक पाय उचलला, मग दुसरा. हळूहळू गुडघे वाकवून ती चक्क खो मिळायची वाट बघतात तशी उकिडवी बसली आणि जागच्या जागीच डाव्या-उजव्या बाजूला झुकायला लागली. हिला मी दहा मिनिटं एका जागी उभी करू शकत नाही, आणि निघाले होते घरात कोंडायला! त्या फोटोंतली पोरंही अशीच असतील, शोकसभेत न मावणारी. मग मला खरोखरचं रडू फुटलं, आणि ते टीव्हीसमोरच्या रडण्यासारखं नव्हतं.

तेवढ्यात भाजीचा ठेला घेऊन एकजण आला आणि घाबरून थांबला. "क्यों भिया, क्या हो गया? कौन चला गया?"

अध्यक्षांनी एक डोळा उघडला. "भोंगे की राह देख रहे हैं."

"आज तो कारखाना बंद है, भिया!"

खरंच की. कारखान्याला सुट्टी होती, म्हणून तर सगळे पुरुष शोकसभेला हजर होते. पुढची पोरं खो खो हसत सुटली. कोणीही त्यांना दटावलं नाही. घरी जाता जाता मी मुलीला म्हणाले, "धारला जा. पण खिडकीजवळ बसायचं नाही, मैदानात मधोमध थांबायचं नाही."

"मग खेळू कुठे? पलंगाखाली?" ती म्हणाली.

ते दोन दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. परतीची बस तासभर उशिरा आली. शाळेच्या फाटकापाशी एकेक मुलगी उतरत होती, आपापल्या आईकडे धावत होती. अकरा उतरल्या. मग सर उतरले. मग ड्रायव्हर. मी बसच्या दाराकडे धावले. तेवढ्यात ती दारात दिसली, एक बूट पायात, दुसरा हातात. सीटखाली गेलेला शोधत बसली होती म्हणे.

"आई, हम हार गए!" ती आनंदाने ओरडली.

मी तिच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला आणि तिला जवळ ओढलं. "सोड ना आई, सब देख रहे हैं," ती कुजबुजली. मला सोडवेना. तळहात अजून चुरचुरत होता आणि मला त्या फोटोंतल्या पोरांच्या आया आठवत होत्या. त्यांनी आता हा धपाटा कोणाच्या पाठीत घालायचा?