साडूंचा दुसरा आवाज

आमच्या साडूंना पुढचं दिसतं, याबद्दल शेवगाव तालुक्यात कुणालाच शंका नाही. शंका आहे ती समोरचं दिसतं का, एवढीच. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. शेवगावच्या पेठेत त्यांचं कापडाचं दुकान आहे, आणि लग्नाचा बस्ता बांधायचा तर तो साडूंकडेच, असा आसपासच्या गावांचा शिरस्ता. पूर्वी साडू दुकानातल्या गादीवर बसून येणाऱ्याची चप्पल काढण्याची तऱ्हा बघत आणि माणूस सदरा घ्यायला आलाय की उन्हातून टेकायला, ते बिनचूक ओळखत. मग संगमनेरला व्यापाऱ्यांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचं दोन दिवसांचं शिबिर झालं. तिथून साडू एक प्रमाणपत्र, गळ्यात अडकवलेलं ओळखपत्र आणि न पचलेले पन्नासेक शब्द घेऊन परतले. गादी गेली, काचेची केबिन आली, तिच्यात भाकितं करणारं यंत्र आलं, आणि साडू गिऱ्हाइकांकडे पाठ करून पडद्यावर गिऱ्हाइकं बघत बसायला लागले.

तेव्हापासून ते टक्क्यांशिवाय बोलत नाहीत. जेवायला बसताना "आज मेथी, अठ्ठ्याहत्तर टक्के" असं जाहीर करतात आणि ताटात पिठलं आलं की यंत्राला नाही, मेहुणीबाईंना दोष देतात. मी निवृत्त गणित-शिक्षक. माझ्याबद्दल यंत्राचं भाकीत असं होतं की मी महिन्याभरात पांढरा सदरा घेणार. माझ्याकडे सदरे भरपूर होते. पण सकाळी मोबाईलवर सदऱ्याचं चित्र, दुपारी आठवण, संध्याकाळी "सर, आपला सदरा आपली वाट पाहतोय." तिसऱ्या आठवड्यात मी कंटाळून तो घेतला. साडूंनी मला सदऱ्यासकट उभं करून फोटो काढला आणि म्हणाले, "बघा सर, भाकीत खरं झालं का न्हाई?"

"इतकं छळल्यावर मी घागरासुद्धा घेतला असता," मी म्हणालो.

"त्याची शक्यता चार टक्के," साडू गंभीरपणे म्हणाले.

गिऱ्हाइकांचे त्यांनी रंगवार गट पाडले होते. घासाघीस करणारे पिवळे, नुसतं बघून जाणारे करडे, बस्तेवाले गुलाबी. एका वयस्क बाईंना त्यांनी कौतुकानं सांगितलं, "मावशी, तुमी पिवळ्या गटात हाय बरं का." मावशी हातातलं लुगडं खाली ठेवत म्हणाल्या, "मी बचत गटात हाय तेवढं बास झालं. आनि कुटल्या गटात घालू नका मला."

पण कळस झाला तो आवाजाचा. पुण्याच्या एका कंपनीनं साडूंचा आवाज तासभर टिपून घेतला, आणि मग यंत्रच त्यांच्या आवाजात गिऱ्हाइकांना फोन करायला लागलं. एकदा साडू ताटावर बसलेले असताना मेहुणीबाईंचा फोन वाजला. पलीकडून साडूच अतिशय लाघवीपणे म्हणत होते, "नमस्कार ताई! आपल्यासारख्या चोखंदळ व्यक्तीसाठी नवी पैठणी आलीये." मेहुणीबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि भाकरी वाढत म्हणाल्या, "लग्न झाल्यापास्नं या आवाजात तुमी माझ्याशी एकदा तरी बोललाय का?" 

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण जवळच्याच एका गावात तात्या म्हणून साडूंचे फार जुने स्नेही आहेत. साडूंनी दुकान उघडलं तेव्हा पहिली भवानी तात्यांच्या बायकोनं केली होती, आणि पुढं त्या घरातल्या प्रत्येक लग्नाच्या साड्या तिनंच साडूंशी भांडून निवडल्या. सख्ख्या भावाचं ऐकत नसतील इतकं साडू तात्यांचं ऐकतात. ती माऊली परवाच्या उन्हाळ्यात गेली; दुकानात जाणारे सांगतीलच म्हणून निराळा निरोप कुणी धाडला नाही, आणि साडूंना ते कळलंच नाही. गावातून भावकीची माणसं दुकानात येत होती, दुखवट्याला न्यायचे टॉवेल-टोपी आणि साध्या साड्या घेऊन जात होती. गादीवर असते तर साडूंनी पहिल्याच माणसाला विचारलं असतं, "कुनाचं झालं रं?" ते केबिनमध्ये होते. यंत्रानं मात्र सगळं टिपलं: एकच गाव, एकच आडनाव, दोन दिवसांत एवढे टॉवेल, एवढ्या टोप्या, एवढ्या साड्या. आमच्याकडे टॉवेल-टोपी लग्नातही देतात, हे त्याला ठाऊक होतं, म्हणून हे लग्नच, असं त्यानं धरलं. त्यानं त्या आडनावाचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक शोधलं आणि तात्यांना फोन लावला.

त्या दिवशी मी दुकानातच होतो. सकाळी दहाच्या सुमारास तात्यांच्या पुतण्याचा फोन आला. त्याचं ओरडणं मला काचेबाहेर ऐकू येत होतं. "शेठ, चुलतीचा दहावा चाललाय हितं! महाराजांचं प्रवचन चालू हाय, आन् तुमी शुभकार्याचं अभिनंदन करताय व्हय? तात्याला ऐकू कमी येतं म्हून फोन स्पीकरवर हुता. समद्या गावानं ऐकलं!"

साडू खुर्चीत बसले ते उठेचनात. मला त्यांचा भयंकर राग आला होता, पण तो चेहरा बघून ओसरला. थोड्या वेळानं ते स्वतःच उठले, रॅकवरून एक टॉवेल आणि टोपी काढली आणि म्हणाले, "सर, चला माझ्याबरोबर. एकट्याला जायाला त्वांड न्हाई."

आम्ही पोचलो तेव्हा तात्या अंगणात सतरंजीवर बसले होते. पुतण्या उठून आडवा आला; तात्यांनी हातानंच त्याला मागं सारलं. साडूंनी टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि पाय धरले. "तात्या, तो मी नव्हतो. मशीन हुतं. मला वहिनीचं कळलंच न्हाई."

तात्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली. मग म्हणाले, "मला काय बोलनं नीट ऐकू आलं न्हाई. आवाज तेवढा तुझा वळखला. दहा दिस तुझीच वाट बघत हुतो रं. म्हनलं, आला बाबा ह्याचा फोन एकदाचा."

साडूंना रडू फुटलं. मोठ्या माणसाला असं रडताना मी फार कमी वेळा पाहिलंय. तात्यांनीच त्यांना दंडाला धरून आपल्या शेजारी सतरंजीवर बसवलं, आणि आत बघून, माणूस हयात असल्यासारखी हाक मारली, "अगं, दुकानवाला आलाय, च्या टाक." मग त्यांच्या लक्षात आलं. साडूंनी त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि ऊन अंगणातून भिंतीवर चढेपर्यंत दोघं तसेच बसून राहिले.