शेवंतीच्या अंगावरची रेघ

"भाऊ, रेघ दिसली का?"

आक्कांचा फोन आला की नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट हा प्रश्न. मी लग्नाचं शूटिंग आटपून नुकताच घरी टेकलेलो असायचो. डीजेने कान गेलेले, गुडघा ठणकतोय, आणि अजून सगळं शूटिंग कॉम्प्युटरवर उतरवायचं बाकी. मी म्हणायचो, "नाही आक्का, कुठे दिसली?" त्यावर त्यांचा दुसरा प्रश्न ठरलेला. "नीट बघितलं, का उगं म्हंताय?"

रेघ म्हणजे घोडीच्या अंगावरची. आक्कांच्या दारात नवरदेवाची घोडी होती, शेवंती. पांढरी, गरीब डोळ्यांची, ढोल-ताशाला न बुजणारी. थंडी पडली की घोड्यांना दाट केस येतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. शेवंतीला जरा जास्तच यायचे, आणि वय झालं तसे ते वेळेवर गळेनासे झाले. तुळशीचं लग्न होऊन सीझन सुरू व्हायच्या वेळेला ती घोडी कमी आणि मेंढी जास्त दिसायची. मग आक्का तिला अंगणात बांधून मशीनने भादरायच्या. मशीन एकसारखं फिरलं नाही की अंगावर पट्टे उठतात. पांढऱ्या घोडीची कातडी खालून काळी असते, त्यामुळे ते लांबूनही ओळखू येतात. त्या पट्ट्यांना आक्का रेघ म्हणायच्या.

न्हावऱ्याच्या चौकात माझा फोटो स्टुडिओ आहे आणि मागच्या आळीला आक्कांचं घर. घोडी त्यांच्या मालकांनी हौसेने आणलेली. मालक गेले, लेक लग्न होऊन दौंडला गेली, आणि घरात आक्का आणि घोडी अशा दोघीच राहिल्या. मिरवणुकीत लगाम धरायला त्यांचा दीर यायचा. माणूस वाईट नव्हता, पण त्याला घोडीचा वीट आला होता. दर हिवाळ्यात तो शेवंतीच्या अंगावर हात फिरवून म्हणायचा, "वैनी, असल्या केसाळ घोडीवर कोन नवरदेव बसंल? एक जरी लगीन माघारी गेलं ना, की मी इकनार हिला." आक्का त्याच्याशी वाद घालत नसत. मशीनमध्ये तेलाचे थेंब सोडत आणि कामाला लागत.

ते काम मी पुष्कळदा पाहिलं आहे. आदल्या दिवशी घोडीला कोमट पाण्याने धुवायचं, उन्हात वाळवायचं. खोगिराभोवती खडूने रेघ मारून घ्यायची आणि तेवढ्या जागेचे केस राखायचे, म्हणजे खोगीर काचत नाही. मग मानेपासून सुरुवात, केसांच्या उलट्या दिशेने. डाव्या हाताने कातडी ताणायची, उजव्या हाताने मशीन. मधेच थांबून मशीन स्वतःच्या गालाला लावून बघायच्या. तापलं असलं की बंद करून निवेपर्यंत चहा टाकायच्या. त्या चहात केस असायचाच. मी तो कपातून काढायला लागलो की म्हणायच्या, "घोडीचा हाय. मान्साचा न्हाई."

काम झालं की घोडीवर गोधडी टाकायच्या आणि भिंतीला पाठ लावून खाली बसायच्या. खांदा धरून. मी विचारायचो, "दमलात का?" "दमायला काय झालं? बसलीया नुसती." असं म्हणून त्या बराच वेळ बसून राहायच्या.

एकदा भादरण अर्धं झालं आणि लाईट गेली. तळेगाव ढमढेऱ्याचं लग्न, संध्याकाळी मिरवणूक, आणि लाईट काही यायचं नाव घेईना. घोडी डावीकडून गुळगुळीत आणि उजवीकडून अस्वल. दुसरं कुणी असतं तर हातपाय गाळून बसलं असतं. आक्कांनी मोठी झूल काढली, उजवीकडे जास्त सोडली, मानेवर झेंडूच्या माळा त्याच बाजूला ओढल्या आणि मला बोलावून सांगितलं, "भाऊ, आज उजव्या अंगानं यायचं न्हाई. क्यामेरा डावीकडंच."

मी सबंध मिरवणूक डावीकडून घेतली. पुढे व्हिडिओ बघायला मंडळी जमली तेव्हा नवरदेवाची आत्या भडकली. तिच्या घरचे सगळे उजवीकडून चालत होते. "आम्ही काय लग्नाला आलोच न्हवतो का?" मी काहीतरी थाप मारली. आक्कांना हे सांगितलं तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसल्या, आणि हसता हसता विचारलं, "पर रेघ दिसली का?"

आता एक गोष्ट सांगायची राहिली. आक्कांनी आपली घोडी नवरदेवाला घेऊन चालताना कधी पाहिलीच नव्हती. लग्नाच्या गावापर्यंत त्या टेम्पोत घोडीजवळ उभ्या राहून यायच्या. झूल घालायच्या, कपाळावर गोंडा बांधायच्या. मांडव दिसायला लागला की अलीकडच्या वळणावर लगाम दिराच्या हातात द्यायच्या आणि तिथेच मागे थांबायच्या. विधवा बाईने नवरदेवापुढे यायचं नाही, हे कुणी तोंडाने सांगत नाही. सगळ्यांना माहीत असतं, आणि आक्का कुणाला सांगायची वेळच येऊ देत नसत. मिरवणूक निघून मारुतीच्या देवळाला जाऊन परत येईपर्यंत त्या मांडवाच्या जनरेटरच्या गाडीमागे बसलेल्या असायच्या. मला या गोष्टीचा फार राग यायचा. मी एकदा म्हणालोही, "आक्का, घोडी तुमची, आणि तुम्हीच लपून बसायचं?"

"लपतीय कुठं? बसलीया नुसती," त्या म्हणाल्या. "तुम्ही हाय न्हवं बघायला."

म्हणून तर तो फोन. पुढच्या दिवशी स्टुडिओत यायच्या, मी त्यांना स्क्रीनवर मिरवणूक दाखवायचो. नवरदेव कोण, फेटा कसा, याच्याशी त्यांना काही घेणं नसायचं. पडद्याजवळ तोंड नेऊन शेवंतीच्या कुशीवरून बोट फिरवायच्या. पडद्यावर बोटाचे ठसे उमटायचे आणि त्या गेल्या की मी ते पुसायचो.

एका वर्षी मी खरं सांगितलं. खांद्यापासून कुशीपर्यंत एक रेघ स्वच्छ दिसत होती. "हाय खरी," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळी घोडी पुन्हा भादरली. खांद्यातून हात वर जात नव्हता, म्हणून स्टुलावर चढून, उजवं कोपर डाव्या हाताने उचलून धरत. मी म्हटलं, राहू द्या आता, कुणी बघत नाही. "तुम्हाला दिसली ती उद्या भाऊजींना दिसंल," एवढंच बोलल्या. त्या दिवशी भिंतीला टेकून बसल्या, तेव्हा दमलात का, हे मी विचारलं नाही.

घोडी शेवटपर्यंत त्यांच्या दारातच राहिली. एकही लग्न माघारी गेलं नाही.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाला आक्का गेल्या. आजारपण थोडंच झालं, लेक दौंडहून आली होती. शेवंती तेव्हा केसांनी भरलेली होती, मशीन कोनाड्यात तसंच पडलं होतं. दिवसकार्य उरकल्यावर दिराने घोडी विकली. चौकात भेटला तेव्हा स्वतःहूनच म्हणाला, "आता भादरनार कोन तिला?" त्याचंही खरंच होतं. मी मान हलवली आणि शटर वर केलं.

माघात कासुर्डीला ऑर्डर होती. नवरदेव घराबाहेर आला, मी कॅमेरा उचलला, आणि समोर शेवंती. लगाम कुणा अनोळखी माणसाच्या हातात. जवळ जाऊन मानेवर हात ठेवला, तिने कान हलवला. ओळख पटली की माशी बसली, देव जाणे. अंगभर रेघाच रेघा होत्या. कुठे कातडी काळी दिसतेय, कुठे केसांचे पुंजके तसेच. खोगिराच्या कडेने राखायचे केसही काढून टाकलेले. मी डावीकडून गेलो, उजवीकडून गेलो, रेघ चुकवता येईना. मांडवाच्या अलीकडच्या वळणावर जनरेटरची गाडी उभी होती. मी मागे वळून एकदा तिच्यामागे बघितलं. डिझेलचा डबा होता.

घरी येऊन मोबाईल उशाशी ठेवला आणि आडवा झालो. फोन येणार नव्हता, हे मला माहीत होतं. तरी बराच वेळ झोप लागली नाही. ज्या प्रश्नाचा इतकी वर्षं कंटाळा केला, तो कुणीतरी विचारावा असं फार वाटलं.

पुढच्या आठवड्यात मिरवणूक एडिट करायला घेतली आणि शेवंतीची कूस दिसेल तो प्रत्येक शॉट कापून टाकला. तिची नुसती मान ठेवली, आणि कपाळावरचा गोंडा. नवरदेवाचे वडील पेन ड्राइव्ह न्यायला आले, खुर्चीत बसून सगळं पाहिलं.

"घोडी एवढी सजवली होती," ते म्हणाले, "ती दिसतच न्हाई की कुठं."

"लाईट कमी पडली," मी म्हटलं.