पोल्डेचा डावा डोळा

पोल्डे ह्रिबरचा डावा डोळा काचेचा आहे. गाईने शिंग मारलं, असं आमच्या गावात कोणीही सांगेल. ती गाय मी रचली. मी म्हणजे विंको, त्याचा शेजारी. तेव्हा आम्ही दोघंही तेरा वर्षांचे होतो. पोल्डेला ट्रक चालवायचा होता, ते राहिलं. चाळीस वर्षं तो दूध केंद्रावर कॅन उचलत राहिला. वजनाचा काटा वाचताना मान वाकडी करायचा, लोक हसले की स्वतःही हसायचा. गाईची गोष्ट त्याने एकदाही खोडली नाही. खरं सांगतो, मला त्याच्या या चांगुलपणाचा राग यायचा.

गेल्या वर्षी ईस्टरच्या आदल्या दिवशी, सकाळी, आम्ही दोघं चर्चमधून टोपल्या घेऊन उतरत होतो. हॅमला, अंड्यांना पाद्रीबाबांचा आशीर्वाद मिळाला होता. खाली कुरणात पोरं बार उडवत होती. आमच्याकडची रीतच आहे ती: दुधाच्या जुन्या कॅनमध्ये कार्बाइडचे खडे टाकायचे, गॅस व्हायला वर थोडं पाणी, झाकण ठोकून बसवायचं आणि तळाच्या भोकाला लांब काठीने जाळ दाखवायचा. सगळी दरी दणाणते. पण कधी बार उडतच नाही. तो उशिराही उडू शकतो, म्हणून तेव्हा जवळ जाऊन भोकात बघायचं नसतं, आणि तरी दर वर्षी कोणीतरी बघतंच.

त्या दिवशी बार उडाला नाही. आम्ही कुरणात पोचलो तेव्हा पोरं लाकडांच्या राशीमागे दडली होती आणि नेझा नावाची अकरा वर्षांची मुलगी एकटीच कॅनकडे निघाली होती. हिवाळ्यातच शहरातून आलेली, अजून कोणाची मैत्रीण न झालेली.

"जा की! का आईला फोन लावू?" हा आवाज माझ्या नातवाचा, टिलेनचा. "शहरातली ना, फाटली हिची!"

मी ओरडणार, तेवढ्यात पोल्डेने माझा दंड धरला. ओरडलो असतो तर ती हट्टाने धावली असती.

"नेझा," तो शांतपणे म्हणाला, "जरा मागे बघ. तुला जा म्हणणारे कुठे उभे आहेत?"

ती थांबली. कॅन चार पावलांवर होता. तिने मागे पाहिलं. राशीवर नुसती डोकी दिसत होती.

"आता हळूहळू माझ्याकडे ये, बाळा."

ती आली. आम्ही सगळे वाट बघत राहिलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. कॅन तसाच पडून होता.

"बघा! काही झालं का?" टिलेन हसला. "पोल्डेकाकांना गाईची पण भीती वाटते!"

सगळी पोरं खिदळली. नेझाचे कान लाल झाले. तिने पुन्हा कॅनकडे पाहिलं आणि पाऊल उचललं. पोल्डेने तिची बाही पकडली.

"गाय नव्हती," तो म्हणाला. "असाच कॅन होता. मला भित्रा म्हणाले, म्हणून मी भोकात बघितलं."

"खोटं!" टिलेन म्हणाला. "आजोबांनी सांगितलंय, गायच होती."

"कोण म्हणालं तुम्हाला भित्रा?" नेझाने विचारलं. बाही ती अजून सोडवू बघत होती.

नाव घ्यायचं नाही हे पोल्डेचं ठरलेलंच होतं. नेझाची बाही त्याच्या बोटांतून सुटली.

"मी म्हणालो," मी ओरडलो. "टिलेन, ऐकतोयस ना? मी. गाय मी रचली. हा रक्तात लोळत होता आणि मी भिंतीमागे बसून होतो!"

नेझा थांबली. टिलेनचं हसू मावळलं. तो राशीमागून बाहेर आला, आणि नेझाच्या आणि कॅनच्या मध्ये येऊन उभा राहिला, पाठ कॅनकडे करून.

"दोघंही मागे या," पोल्डे म्हणाला. मग माझ्याकडे वळला. त्याचा आवाज फाटला होता.

"पन्नास वर्षं, विंको. रोज वाटायचं, आज बोलशील."