अक्रोडाचा चोथा

निवृत्तीनंतर लोक भजनी मंडळात जातात. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवलेला माणूस. कर्वेनगरच्या आमच्या स्वयंपाकघरात अक्रोडाची लिकर करायला लागलो. हौस दांडगी! अक्रोड मंद भाजायचे, साल फडक्याने चोळून काढायची, नाहीतर कडवटपणा उतरतो. भरड कुटून महिनाभर व्होडकात भिजवायचे, बरणी रोज हलवायची. मग मलमलीतून गाळायचं, गार झालेला साखरेचा पाक घालायचा आणि दोन महिने तिच्याकडे बघायचंही नाही.

धाकटा भाऊ धायरीला राहायचा. दारूने त्याची नोकरी खाल्ली, लिव्हर खाल्लं. पुन्हा प्यालात तर वाचणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सोडून चौदा महिने झाले होते. दर रविवारी तो आमच्याकडे जेवायला यायचा, म्हणून बरणी कपाटात आणि किल्ली माझ्या जानव्याला. केवढा मी सावध!

त्या शनिवारी लिकर गाळली. उरलेला चोथा बायको फेकायला निघाली.

"अगं, एवढे महागाचे अक्रोड फेकतेस? लाडवात घाल!"

तिने खजुरात मळून लाडू वळले. हे लाडू शिजवत नाहीत, म्हणजे त्यातली दारू उडणार कुठून? नववीतल्या मुलाला कळलं असतं. मास्तरांना कळलं नाही.

रविवारी भाऊ लाडवाचा पहिला घास चावता चावता थांबला. माझ्याकडे बघत राहिला.

"बघतोस काय? खा की! अक्रोड आहेत, विष नाही."

त्याने चार खाल्ले. "वहिनी, डब्यात द्याल थोडे?" बायको बिचारी खूश झाली.

तो गेल्यावर मी एक लाडू तोंडात टाकला आणि जिभेवर व्होडका चरचरली. लगेच फोन लावला. त्याने उचलला नाही. तो घरी गेलाच नव्हता, धायरी फाट्यावरच्या दुकानातून बाटली घेऊन बसला होता. मग थांबलाच नाही.

महिन्याभरात तो दवाखान्यात होता, डोळे हळदीसारखे पिवळे. त्याची बायको मला म्हणाली, "भावजी, चौदा महिने शिवले नव्हते हो. कोणी पाजली यांना?"

मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "कोणी नाही. मीच घेतली."



तिसऱ्या दिवशी तो गेला. ती अजून त्यालाच बोल लावते, आणि मी समोर बसून ऐकून घेतो.