जाळीच्या थाळ्या

किस्से जमवावे लागत नाहीत. प्रत्येक घरात एका पिशवीत जशा बाकीच्या पिशव्या साचत जातात, तसे ते आपोआप साचतात. एक दिवस ती पिशवी फुटायला येते, मग बसून उपसावं लागतं.

पोशीरच्या आमच्या बँजो पार्टीत माझ्याकडे दोन कामं. कार्यक्रमात खुळखुळा हलवायचा आणि नंतर वही लिहायची. कुठल्या गावात वाजवलं, कुणाची हळद, किती वाजता सुरू झालं, कोणतं गाणं दोनदा झालं, कोण उशिरा आलं. मला हे करायला कुणी सांगितलेलं नाही, पण कुणीतरी लिहायला हवं ना! नोंद फक्त उजव्या पानावर करायची आणि डावं पान कोरं सोडायचं, असं मी सुरुवातीलाच ठरवलं होतं. आता डावं पान आधी भरतं.

गेल्या वर्षभरातली डावी पानं चाळली, तर निम्मी एकट्या विलासची आहेत.

विलास आमचा ड्रमर. खालापूरकडे एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. पोशीरला होता तेव्हा घरामागे बसून तासन् तास वाजवायचा. शेजारी कोण? तर पेंढ्याची उडवी! मग मुलीच्या शाळेसाठी कर्जतला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि सराव बंद पडला. दोन-तीन कार्यक्रमांत त्याचा हात मागे पडायला लागला. आमचा म्होरक्या दत्ता, कीबोर्डवर असतो तो, एकदा स्पष्टच बोलला, "इल्या, हात जड झाला रं तुजा. लग्नसराईपर्यंत हात परत आण, नायतर मला दुसरा ड्रमर बघायला लागंल."

सोळाव्या वर्षापासून विलासने ती जागा सोडली नव्हती. त्या दिवशी त्याने, आम्ही ज्यावर उभे राहून वाजवतो त्या टेंपोत बसून वडापाव नुसता हातात धरला होता. हेही वहीत आहे.

*

आधी त्याने कर्जतजवळच्या कोंडाणे गावाचा उपाय केला. रविवारी सकाळी स्कूटरला एक ड्रम आणि एक थाळी, म्हणजे ड्रमसोबतची पितळी झांज, बांधून डोंगराच्या पायथ्याला जाऊन बसला. माणूस नाही, सोसायटी नाही.

पहिल्या ठोक्याला झाडावरची माकडं पळाली. दुसऱ्या गाण्याला परत आली आणि समोर ओळीने बसली. हा वाजवायचा तोवर गप्प. थांबला की दात विचकायची! बिचाऱ्याने सव्वा तास न थांबता वाजवलं. शेवटी पाणी प्यायला वाकला, तेवढ्यात एकाने स्टिक उचलली, झाडावर चढलं आणि फांदीवर ठोकायला लागलं.

हे सगळं दत्ताला सांगितलं, तर तो गंभीर चेहऱ्याने विचारतो, "तालात व्हता का? नाय, आपल्याला एक माणूस कमी हाय."

*

मग विलास घरीच वाजवायला लागला. ड्रमवर रबरी चकत्या घातल्या, थाळ्यांवर गोधडी टाकली. गोधडी तिसऱ्या ठोक्याला घसरायची.

समोरच्या दारात नाना राहतात. जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, उंची जेमतेम पाच फूट, पण बोलायला लागले की जिना भरून जातो. नानांनी आवाजाची रीतसर मोजणी केली! प्रत्येक पायरीवर खडूने खूण, हातात मोबाइल, मोबाइलवर आवाजाचा आकडा. तळमजल्यापर्यंत जाऊन आले आणि सोसायटीला अर्ज दिला : ड्रमसेट इमारतीबाहेर काढावा. सोबत नकाशा जोडला होता, उत्तर दिशेच्या बाणासकट.

मीटिंगला विलासबरोबर मी गेलो होतो. विलास म्हणाला, "मला महिनाभर द्या. कमी आवाजाच्या थाळ्या मिळतात, त्या मागवतो." सेक्रेटरींनी हमीपत्र मागितलं. दाराबाहेर थाळीचा आवाज एकदा जरी आला, तर सेट त्याच दिवशी बाहेर. खाली सही माझी, शेजारी माझा फोन नंबर. माझं अक्षर चांगलं आहे, म्हणून असली कामं माझ्याकडेच येतात.

*

थाळ्या आल्या. खोका उघडायला आम्ही सगळे जमलो होतो. आकार नेहमीच्या थाळीचाच, पण अंगभर बारीक भोकं! एका थाळीत हजारभर तरी असतील. मी मोजायला घेतली होती, दत्ताने हात धरला.

"मी सांगतो," दत्ता म्हणाला, "परत पाठव. वाळवी लागलेली हाय."

संगीता, म्हणजे विलासची बायको, चहा घेऊन आली. थाळीतून पलीकडे बघून म्हणाली, "चाळणीला एवढा मोठा खोका?"

विलासने थाळी स्टँडला लावून मारली. झण्ण ऐवजी नुसतं टिस्स! जशी दुसऱ्याच्या घरातली फोडणी. दार लावून मी जिन्यात उभा राहिलो. नाना मोबाइल घेऊन प्रत्येक खुणेवर थांबले. तळापर्यंत जाऊन वर आले.

"माझा पंखा यापेक्षा जास्त वाजतो," म्हणाले. मग चष्मा पुसत पुढे म्हणाले, "तरी अर्ज मागे घेतलेला नाही. लक्षात असू द्या."

*

एके दिवशी विलास सरावाला बसला तर मोठी थाळी गायब. कपाटामागे, पलंगाखाली, गॅलरीत, सगळीकडे शोधून झालं. शेवटी मला फोन, "भाऊ, वहीत काय नोंद हाय का?"

थाळी स्वयंपाकघरात दुधाच्या पातेल्यावर होती. वाफ बाहेर जाते आणि माशी आत जात नाही.

विलास चिडला, तर संगीता म्हणते, "वाजत तर नायच. म्हटलं कामाला तरी येऊ दे!"

*

जाळीच्या थाळ्यांबरोबर विलासने कानाला लावायचा मोठा हेडफोनही घेतला. त्यात गाणं लावायचं आणि त्याबरोबर वाजवायचं. तो हेडफोन कानाला लागला की बाहेर ढग फुटला तरी कळत नाही.

एका दुपारी संगीता बाजारातून आली. दोन्ही हातांत भाजी, दाराला आतून कडी, आत हा वाजवतोय. बेल वाजवली, दार ठोकलं, फोन केला. आतल्या कुकरच्या शिट्ट्या ती जिन्यात बसून मोजत होती. अकरा झाल्या! अकराव्या शिट्टीला नानांनी दार उघडलं, तिला आत बोलावून पाणी दिलं.

तेव्हापासून कडी लावणं बंद. नुसतं लॅच, आणि एक जादा किल्ली कायमची नानांकडे. नळाला पाणी संध्याकाळी येतं, घरात कुणी नसलं तर नाना जाऊन पिंप भरतात. मला नवल वाटलं. अर्जही यांचाच आणि किल्लीही यांच्याकडेच!

नाना म्हणाले, "मोजणीत शिकलोय. भांडण बांधाचं असतं, विहिरीचं नसतं."

*

विलास रोज तासभर वाजवायला लागला. त्याचा हात सुटत चालला, ते आम्हाला टेंपोवर ऐकू येत होतं. पण माझा हिशोब जुळेना. भोकांच्या कडांनी स्टिका कुरतडल्या जातात, म्हणून मी प्रत्येक जोडीवर ती घेतल्याची तारीख लिहून देत होतो. रोज एक तास धरला, तर जोडी महिना टिकायला हवी. पंधरा दिवसांत उसासारखी सोलपटं निघायची.

"दोन तास वाजवतोस का?"

"शिफ्ट करून दोन तास? भाऊ, मी काय यंत्र हाय?" विलास म्हणाला. "आणि दुसरं सांगतो. ते स्टूल रोज खाली जातं. रोज वर करतो, दुसऱ्या दिवशी परत चार बोटं खाली!"

मी स्टुलाचा स्क्रू घट्ट केला, पेन्सिलीने खूण केली. दुसऱ्या दिवशी स्टूल खुणेच्या चार बोटं खाली. स्क्रू तसाच घट्ट.

त्याच आठवड्यात नाना मला बाजारात भेटले. मला वाटलं, आता नवी तक्रार. तर विचारतात कसे, "तुमच्या पार्टीत ते तिसरं गाणं बदलतं ना, तिथे विलास उजव्या हाताने उचलतो. डाव्याने उचललं तर सोपं नाही का जाणार?"

मी ते विलासला सांगितलं आणि उजव्या पानावर लिहिलं : नानांचे कान फार तीक्ष्ण आहेत.

*

आता कशेळ्याची हळद.

लग्नसराईतला पहिला कार्यक्रम, विलासची खरी परीक्षा. दत्ताने दुसऱ्या ड्रमरचा नंबर फोनमध्ये घालूनच ठेवला होता. टेंपोवर पार्टीचे ड्रम वेगळे असायचे, थाळ्या मात्र विलासच्या; त्यांना दोन पिशव्या होत्या आणि लेबलं मीच लावली होती : जाळीच्यांवर 'घर', खणखणीत वाजणाऱ्यांवर 'टेंपो'. यात चूक होणं शक्यच नव्हतं.

पण दोन दिवस आधी विलासची थोरली बहीण, आक्का, राहायला आली. आक्काला कुठली वस्तू पसरलेली चालत नाही. तिने सेट पुसला, थाळ्या काढून लख्ख घासल्या, परत जागेवर ठेवल्या आणि वर चादर टाकली. विलास शिफ्टवरून आला, अंघोळ केली, 'टेंपो'ची पिशवी उचलली. संगीता, मुलगी, आक्का, सगळे टेंपोत. किल्ली नेहमीसारखी नानांकडे.

कशेळ्यात मांडव गच्च भरलेला. दत्ताने सूर धरला, विलासने दोन्ही हात वर नेले आणि थाळीवर मारले.

टिस्स.

नवरदेवाचा मामा ओरडला, "लाईट गेली काय रं?"

दत्ताने विलासकडे बघितलं. विलासने थाळीकडे बघितलं. थाळीच्या भोकांतून पलीकडचा मामा दिसत होता.

"आक्के!" विलास ओरडला.

टेंपोजवळ खाली उभी असलेली आक्का अभिमानाने म्हणाली, "मीच बदलल्या! अरं, लेबलं उलटी लावलेली कुनीतरी. चांगलं घरात ठिवायचं, फुटकं बाहेर न्यायचं, एवढं बी कळत नाय?"

दत्ताचा हात फोनकडे गेला. पण त्याच्या आधी संगीता आचाऱ्याकडे पळाली होती. मोठ्या टोपांची दोन झाकणं घेऊन ती टेंपोवर चढली, एक आक्काच्या हातात दिलं. दोघी विलासच्या दोन बाजूंना झाकणं कडीला धरून उभ्या राहिल्या. "मारा आता!"

विलासने मारलं. काय घुमलं ते! मांडवातली म्हातारी माणसंसुद्धा उठली. विलास असा कधी वाजला नव्हता. तिसरं गाणं बदलतं तिथे त्याने मला डोळा मारून डाव्या हाताने उचललं, आणि दत्ता कीबोर्ड सोडून नाचला. आचारी मात्र बोंबलत आला, "माझी झाकणं! भातावर माशा बसतात!" संगीताने त्याला जाळीच्या थाळ्या दिल्या. आचारी खूश होऊन गेला.

चहाला थांबलो. दत्ताने फोन काढला आणि सगळ्यांसमोर तो दुसरा नंबर खोडून टाकला. तेवढ्यात माझा फोन वाजला. सोसायटीचे सेक्रेटरी.

"भाऊ, हमीपत्रावर तुमची सही आहे! अर्धा तास बिल्डिंग हादरतेय. थांबवा त्या विलासला, सेट आजच बाहेर!"

"विलास माझ्यासमोर चहा पितोय. आम्ही कशेळ्यात आहोत."

"मग घरात त्याची बायको असेल!"

"ती पण इथेच. तिच्या हातात झाकण आहे."

"झाकण? अहो, मग आत वाजवतंय कोण? दार ठोकून ठोकून हात दुखले, आतल्याला ऐकूच जात नाही!"

"नानांना उठवा. किल्ली त्यांच्याकडे असते."

"आधी त्यांच्याकडेच गेलो होतो, अर्ज त्यांचाच ना! पण त्यांच्या दाराला बाहेरून कुलूप आहे."

मी फोन स्पीकरवर टाकला आणि मध्ये धरला. सगळे कपबशा घेऊन वाकले. सेक्रेटरींच्या आवाजामागे, बंद दारापलीकडून, थाळ्या दणाणत होत्या.

दत्ता डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिला.

"तालात हाय की रं!" तो म्हणाला. "विचार त्याला, पुढल्या शनवारी मोकळा हाय का?"