लशीची गॅरंटी आणि बसका बैल

हे लिहीत असताना तो बैल माझ्या अंगणात बसलेला आहे. उभा नाही, बसलेला. पुढ्यात तणस टाकली आहे, ती तो बसूनच खातो. मधूनमधून माझ्याकडे अशा नजरेनं पाहतो, जणू मीच त्याच्या घरी पाहुणा आलो आहे.

मी गुरांचा दलाल आहे. वडशाच्या आसपासच्या बैलबाजारांत माझी हयात गेली. बापाकडून मला एक दावंसुद्धा मिळालं नाही. जे उभं केलं ते तोंडाच्या जोरावर उभं केलं. भाव ठरवताना दुपट्ट्याखाली समोरच्याची बोटं हातात धरली, की त्याला बैल किती हवा आहे हे त्याच्या घामावरून मला कळतं. माझ्या तोंडाला लागून कोणी फायद्यात गेला असं बाजारात कोणी सांगणार नाही. एकच माणूस गेला. ती माझी थोरली बहीण, आणि तिनं हे काम लशीच्या नावावर केलं.

आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. बाई जंगलाच्या कडेच्या एका गावात राहते. धानाच्या चार बांध्या, एक गाय आणि दमा, असा तिचा संसार. मेहुणे कधीच गेले, लेक वडशाला दिलेली. कोरोनाची ती दुसरी लाट आली तेव्हा मी रोज संध्याकाळी तिला फोन लावायचो. फोन उचलल्यावर आधी तिचा श्वास ऐकू यायचा, मग आवाज. तेवढ्या वेळात मी, ज्यानं मारक्या गोऱ्ह्यांच्या शिंगांना हात घातला आहे, पार घाबरून गेलेला असायचो. या बाईला लस मिळाली पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात बसलं होतं.

अडचण अशी होती, की आमच्या दोघांमध्ये एक बैल होता.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी बाईला एक पांढरा बैल आणून दिला. म्हटलं, "डोळे मिटून घे बाई. काहीच होणार नाई. माझी गॅरंटी." पहिल्याच चिखलणीला तो बांधीच्या मधोमध बसला. दुपारपर्यंत उठला नाही. बाईचं म्हणणं, बैल खोडीचा. माझं म्हणणं आजही तेच आहे, की बैलात खोट नव्हती. नवं गाव, नवा धनी, वरून ऊन आणि खाली गार चिखल. कोणीही बसला असता. विकल्यावर बसला म्हणजे विकल्यामुळे बसला असं होत नाही. पुढं तिनं त्याच बैलावर एवढ्या वर्षांची शेती केली, पण दरवर्षी भाऊबीजेला मला ओवाळताना निरांजन माझ्या नाकापर्यंत आणून विचारायची, "बैलाचं काय?"

तर बाईच्या गावात लशीचं शिबिर लागलं. मी मुद्दाम गाडी काढून गेलो. शाळेच्या पडवीत एक टेबल, बर्फाचा निळा डबा आणि नर्स मॅडम. मॅडम भद्रावतीच्या, कारखान्याच्या कॉलनीत वाढलेल्या. बोलणं सरळ, आवाज शांत. समोर सगळं गाव उभं होतं, पण टेबलापासून इतक्या अंतरावर, की मॅडमनं सुई फेकून मारली असती तरी कोणाला लागली नसती.

"मॅडम, लस घेतली का माणूस दोन वर्षांत मरते म्हणते," एक जण म्हणाला.

"कोण म्हणतं?"

"मोबाईल."

दुसऱ्यानं विचारलं, "कोंबडी चालते का मंग?" तिसऱ्याला लशीनं पोरंबाळं होणं बंद होईल अशी चिंता होती. त्याला आधीच पाच होती आणि त्याची बायको मागून म्हणाली, "होऊ दे, हे काम जर लस करत असन तर मी दोन घेतो."

मॅडमनं सगळं ऐकून घेतलं आणि मग सांगितलं, की कोंबडी चालते, पोरंही होतात. पण हात दुखेल, दोनेक दिवस ताप येऊ शकतो, अंग मोडून येईल. फार क्वचित कोणाला जास्त त्रास होतो, म्हणून टोचल्यावर अर्धा तास इथंच बसायचं, मी लक्ष ठेवीन.

माझं डोकं फिरलं. अरे, असा कुठं माल विकतात? बाजारात आपणच उभं राहून 'बैल थोडा लंगडतो बरं का' म्हणायचं? गाव हळूहळू मागं सरकत होतं. मी टेबलाजवळ गेलो.

"मॅडम, तुम्ही बसा. मी बोलतो."

"भाऊ, मी बोलतेय ना."

"म्हणूनच म्हणतो, बसा."

मी खांद्यावरचा दुपट्टा काढून झटकला. "ऐका रे! मले वळखता ना तुम्ही? तुमच्या गोठ्यातली अर्धी जनावरं माह्या हातची हायेत. जनावराले खुरकताची लस टोचाले रांग लावता, अन् सोताच्या दंडाले भेता? काहीच होणार नाई. ना ताप, ना काही. माही गॅरंटी! काही झालं तर माह्याकडं या."

मीच बाही वर करून पहिली टोचून घेतली. एवढं झाल्यावर निम्मं गाव रांगेत आलं. मॅडम माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "भाऊ, गॅरंटीचं तुमचं तुम्ही बघा." मला वाटलं, बाईमाणसाला धंदा काय कळणार.

आणि बाई? बाई शाळेच्या पायरीवर बसली होती. मी रांगेकडे बोट केलं तशी म्हणाली, "मी नाई घेत."

"काऊन?"

"तुही गॅरंटी हाय म्हणून."

लोक हसले. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "हाव ना बाप्पा, त्या बैलाची बी यानंच देल्ली होती." अन् मग लस राहिली बाजूला. तो बैल का बसला यावर अर्धा तास वाद झाला. जे टोचून घेऊन अर्धा तास बसले होते, त्यांचा वेळ मात्र छान गेला.

दुसऱ्या दिवसापासून माझा फोन वाजायला लागला.

ताप आला होता. मॅडमनं सांगितल्याप्रमाणेच, ठरल्या वेळी. मॅडमनं सांगितलेला ताप म्हणून कोणी त्यांना फोन केला नाही. मी नाही म्हटलेला ताप म्हणून सगळ्यांनी मला केला. पुढच्या बाजाराला तर मी ज्या झाडाखाली बसतो तिथंच लोक येऊन बसले. ज्यांना बैल घ्यायचे ते मागं आणि ज्यांचे हात दुखत होते ते पुढं.

"तीन दिवस ताप होता मले."

"तीन? दीड म्हण."

"तीन!"

मी दुपट्टा त्याच्या हातावर टाकला. सवयच ती. बोटं दाबत दाबत दोन दिवसांवर पटलं. तो समाधानानं गेला, मीही. त्यात कोणाला काय मिळालं हे मला अजून कळलेलं नाही.

ताप उतरला तशा तक्रारी चढल्या. एकाची शेळी आटली होती. शेळीनं लस घेतली का विचारलं तर म्हणाला, "मी घेतली ना, अन् दूध मीच काढतो." एक म्हणाला, लस घेतल्यापासून बायको ऐकत नाही. मी म्हटलं, "आधी ऐकत होती का?" तो विचार करतच उठून गेला. एकानं दंडाला नाणं चिकटवून आणलं होतं. सगळ्या बाजाराला दाखवत फिरत होता, अंगात चुंबक आलं म्हणून. मी त्याला हापशीवर नेलं, त्याचा दंड साबणानं खसखसून धुतला आणि नाणं लावून दाखवलं. टपकन पडलं. तर तो रडवेला होऊन म्हणतो, "भाऊ, लस धुतल्या गेली का माही?"

मी किती शिव्या दिल्या ते इथं लिहिता येणार नाही. एकेकाला ओरडून सांगितलं, की लशीनंतर झालं म्हणजे लशीमुळे झालं असं नसते रे! तेव्हा मागून कोणीतरी हमखास म्हणायचं, "बैलासारखं का?"

पण गंमत अशी, की गाव लस घेतच राहिलं. पुढची दोन शिबिरंही झाली. लोक म्हणायचे, मॅडम बोलली तसंच झालं, दोन दिवस ताप आला अन् गेला. त्या दोन शिबिरांना माझ्या गॅरंटीवर एक माणूस आला नाही. उरली एकटी बाई.

मी तिला फोनवर समजावलं, ओरडलो, बोलणं बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन लावला. ती खोकत खोकत म्हणायची, "मंग बैलाचं काय?" एकदा खोकला थांबेचना. फोन तसाच कानाला धरून मी अंगणात उभा. शेवटी माझ्या तोंडून निघालं, "काय पाहिजे तुले?"

खोकला थांबला. पट्कन थांबला. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"गॅरंटीचा माल हाय," बाई म्हणाली. "वापस घे."

"बाई, बुडा झाला तो! बाजारात आठ दिवसांनी सुद्धा कोणी वापस घेत नाई."

"मंग राहू दे. लस बी राहू दे."

मी घासाघीस केली. बैल नाही, त्याऐवजी गोऱ्हा देतो म्हटलं. गोऱ्हा दे, पण बैल ने, म्हणाली. चिखलणी झाल्यावर नेतो म्हटलं. आज ने, म्हणाली. फोनवर दुपट्टा टाकता येत नाही, तिची बोटं हातात नव्हती, म्हणून माझा अंदाज चुकला असं मी आजपर्यंत सगळ्यांना सांगत आलो आहे. शेवटी ठरलं. मी एक तरणा गोऱ्हा नेऊन द्यायचा, म्हातारा बैल परत घ्यायचा, अन् बाई माझ्या डोळ्यांदेखत लस घेणार.

शिबिराच्या दिवशी गोऱ्हा घेऊन गेलो. बाई नवं लुगडं नेसून आली. आधी तिनं गोऱ्ह्याचे दात पाहिले, चालवून पाहिला, शेपूट उचलून पाहिलं, आणि मग खुर्चीवर बसली. मला छातीत हलकं वाटत होतं. कोणाला दाखवलं नाही, पण वाटत होतं. मॅडमनं दंड पुसला आणि सहज विचारलं, "मागच्या डोसच्या वेळी ताप आला होता का, बाई?"

"दोन दिवस," बाई म्हणाली. "तुम्ही बोलल्या तसाच."

मी म्हटलं, "मागचा डोस?"

"लेकीकडं गेली होती ना वडशाले, तवाच घेतला." बाईनं सुईकडे पाहिलंसुद्धा नाही, माझ्याकडे पाहत होती. "ह्या मॅडमच होत्या तिथी. काय होते, काय नाई, समदं सांगतलं. खोट आधी सांगणाऱ्याचा माल घ्याव, बाबू. हे तुले कोण शिकवन?"

"तुम्हाले माहीत होतं?" मी मॅडमवर ओरडलो.

"मला बैलाचं माहीत नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "ओरडू नका, त्यांचा श्वास मोजायचाय."

सगळं गाव हसत होतं. ज्याचं नाणं पडलं होतं तो सगळ्यात जोरानं. मला एवढा राग आला, की गोऱ्ह्याचं दावं सोडून त्याला परत न्यावं असं वाटलं. पण दलालाचा शब्द दिलेला होता. बाई अर्धा तास पायरीवर बसली. मीही तिच्याशेजारी, तिच्याशी न बोलता, अर्धा तास बसलो. तिचा श्वास नीट चालला होता. मी मोजत नव्हतो, ऐकू येत होता इतकंच.

मग बैलाचं दावं धरून निघालो. ज्या गाडीतून गोऱ्हा आणला, तिचा गाडीवाला दुसरं भाडं लागलं म्हणून निघून गेला होता. पक्क्या सडकेपर्यंत बैल गुमान चालला. तिथं एसटी समोरून आली, ड्रायव्हरनं हॉर्न दिला, आणि बैल सडकेच्या मधोमध बसला.

मी ओढला, ढकलला, हात जोडले. बसमधली माणसं खाली उतरली. एकानं मोबाईल काढला. दुसरा बैलाभोवती फिरून, मोठ्या जाणकारासारखा म्हणाला, "याले लस देल्ली असन. लस देल्ली का हे असंच होते. माह्या साळ्याचा बैल बी बसला."

"हाव, लशीनंच," तिसरा म्हणाला. मोबाईलवाला मोबाईल तोंडाजवळ नेऊन बोलायला लागला, "पाहा मित्रांनो, लस देल्लेला बैल..."

इतक्या महिन्यांचा राग माझ्या डोक्यात चढला. मी त्या मोबाईलसमोर जाऊन सगळ्या जोरानं ओरडलो, "काय लस लस लावून राह्यले बे! हा बैल पहिल्यापासूनच बसते! मी विकला तवापासून बसते! लशीचा अन् त्याचा काही संबंध नाई!"

एसटीच्या खिडकीत बाईच्या गावी परतणारी, तिथलीच एक म्हातारी बसली होती. तिनं मान बाहेर काढून मला नीट पाहून घेतलं.

बैल त्यानंतर बऱ्याच वेळानं, आपल्या मर्जीनं उठला. मी घरी पोचलो तेव्हा फोन वाजत होता. उचलला. पलीकडून या वेळी श्वास ऐकू आला नाही, थेट बाईचं हसणं आलं, लांबलचक, न खोकता.